पालथं पडून पाहिलेलं

३ मार्च

पालथी पडून लिहिते आहे. डोकं पलंगाच्या काठाबाहेर, मेलिसनं जुन्या गाडीच्या सीटचा फोम कापून केलेल्या कड्यात अडकवलेलं. खाली जमिनीवर टॅब तिरका उभा, त्याच्या अलीकडे बुटक्या स्टुलावर कीबोर्ड. हात खाली सोडले की बोटं बरोबर कळांवर येतात. नारिनच्या पोस्टात तारा पाठवायला शिकत होते, तेव्हा आमच्या वरिष्ठ बाई आमच्या हातांवर फडकं टाकायच्या, कळांकडे बघता येऊ नये म्हणून. तेव्हा मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या त्यांना. आज त्यांच्यामुळेच लिहिता येतं आहे.

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टरीणबाईंनी तो परत चिकटवला आणि डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला. तो पडद्याला दाबून धरतो, पण मी पालथी राहिले तरच. मान वर करायची नाही, जड उचलायचं नाही, जोरात शिंकायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. डोलोनचा घाट ओलांडून घरीही जायचं नाही, उंचावर बुडबुडा फुगतो आणि डोळा कायमचा जातो. बाईंनी हे मला एकदा सांगितलं आणि तुरातला पुन्हा पुन्हा सांगितलं, नवरे लोक विसरतात म्हणून. डावा डोळा लहानपणापासून अधू, त्याला जवळचं आणि मोठं तेवढं दिसतं. म्हणजे पुढचं आयुष्य काढायचं ते या उजव्याच्या जिवावर.

तोवर मुक्काम बिश्केकला, मेलिस आणि जुमागुलकडे. दिराचं घर आहे, परकं नाही. पण मला फक्त त्याची फरशी दिसते.

४ मार्च

माणसं आता मला पायांवरून ओळखायची आहेत. जुमागुलच्या सपातांवर सशाची तोंडं आहेत. मेलिसच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे आणि ते शिवून दे म्हणून तो बायकोच्या मागे लागलेला असतो. तुरातचे पाय गावाकडचे, रुंद. शहरातल्या फरशीवर तो बर्फावरून चालल्यासारखा जपून चालतो.

टॅब माझ्या मुलानं, एर्मेकनं, पाठवला आहे, नोवोसिबिर्स्कहून, गावातल्या कुणाच्या तरी हाती. ऑपरेशन ठरलं हे कळल्यावर त्यानं इमारतीवरच्या कामाचा जादा पाळीचा पगार यात घातला. नुसता टॅब नाही. उभा राहणारं कव्हर, कीबोर्ड, रबरी टोकाचं पेन, कानात घालायच्या वायरी आणि वीज गेली तर असावी म्हणून भरून ठेवलेली चार्जिंगची वीट. कीबोर्ड रशियन अक्षरांचा. आमच्या भाषेची तीन अक्षरं त्यावर नसतात, ती एर्मेकनं चिकटपट्टीवर लिहून लावली आहेत.

आणि त्यानं आवाजात पाठ भरून ठेवले आहेत. एकेक पाठ एकेका वस्तूचा. सगळे एकदम ऐकू नकोस, रोज एक ऐक, असं बजावलं आहे. आजचा पेनाचा. "आई, हे पेन म्हणजे मेंढ्या हाकायची काठी नाही. हळू टेकव. काच तुला चावणार नाही आणि तूही तिला मारू नकोस."

माझ्या बोटांची टोकं कपडे धुऊन आणि लोकर पिंजून इतकी जाड झालीत की काचेला माझा स्पर्शच कळत नाही. पेनाचा कळतो. ते मी धाग्यानं मनगटाला बांधून टाकलं आहे.

जुमागुल म्हणते, "ताई, तुमच्या मुलाला सांगा, काकूलाही एक पाठव म्हणावं. मी सरळ उभी राहून वापरीन."

६ मार्च

काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, प्रत्येक अक्षर जर्दाळूएवढं. डाव्या डोळ्याला वाचता येतं. दमले की टॅबलाच वाचायला सांगते. आत एक रशियन बाई बसली आहे, ती आमचे शब्द वाचते तेव्हा वाटतं, करवसुलीला आली आहे. काल तिनं माझीच दैनंदिनी मला वाचून दाखवली. 'दिराचं घर आहे, परकं नाही' हे वाक्य तिच्या तोंडून अगदी धमकीसारखं वाटलं. मी हसायला लागले तर तुरात धावत आला, "हसू नको, डोळा!" हसायला मनाई नाही म्हटलं. तो म्हणाला, ते बाईंना विचारून घ्यायला हवं होतं.

आजचा पाठ फोटोंचा. एर्मेकनं टॅब स्वतःच्याच नावानं सुरू करून दिला आहे. तो फोनवर फोटो काढील आणि तो आपोआप माझ्याकडे येईल, काही दाबायला नको. "म्हणजे मी काय खातो, कुठं जातो, कुणाबरोबर जातो, सगळं तुला कळेल. लग्न झालं की मात्र नाव बदलून देईन." लगेच एक फोटो आला. ताटलीभर बटाटे, आणि त्यात टेकवलेला त्याचा काटा.

नवरोझला, एकवीस तारखेला, येतो म्हणाला आहे. तेव्हा मला मान वर करता यायला हवी. बस, एवढंच मागणं आहे. तो दारातून आत येताना मला त्याचे बूट नाही, तोंड दिसू दे.

८ मार्च

बायकांचा दिवस. दर वर्षी एर्मेकचा फोन पहाटे येतो, बापाच्या आधी शुभेच्छा द्यायची त्याची शर्यत असते. बाप कधीच काही म्हणत नाही, त्यामुळे शर्यत तो एकटाच धावतो आणि जिंकतो.

आज फोन आला नाही. दुपारपर्यंत टॅब उघडा ठेवून पडले होते. जुमागुल म्हणाली, आज सगळ्यांच्या आया फोनवर आहेत, लाइन मिळत नसेल. मग मेलिस भलत्या वेळी घरी आला. थेट आत, माझ्या पलंगापर्यंत, बुटांसकट. बुटांवरचा चिखल जुमागुलच्या धुतलेल्या फरशीवर. मी म्हटलं, अरे, बायकांच्या दिवशी तरी बूट बाहेर काढ. तसाच उभा राहिला, मग मागे वळून गेला. जुमागुलच्या सशांच्या सपाता त्याच्या मागून गेल्या आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून नळ वाहत राहिल्याचा आवाज आला.

भांडले असतील. फुलं आणली नसतील त्यानं.

९ मार्च

नेट गेलं आहे. जुमागुल म्हणते, बाहेरची तारच तुटली, दुरुस्तीवाला येईपर्यंत वाट बघायची. एर्मेकला तिच्या फोनवरून लावून बघायला सांगितलं. लागत नाही म्हणाली. मेलिसनं कुठून तरी निरोप आणला की एर्मेकच्या टोळीला दूर जंगलाकडच्या कामावर पाठवलं आहे, तिथं फोन चालत नाही. आधी सांगायला काय झालं होतं पोराला?

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण ही माझी वही आहे. तुरात बदलला आहे. रात्री तो माझ्या पायांशी बसला आणि माझे पाय मांडीवर घेऊन तेल लावत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं कधी मला चहा ओतून दिला नव्हता. आता वाटीत नळी घालून ती माझ्या तोंडापाशी धरतो, गार झाला की बदलून आणतो. तेल जिरलं तरी त्याचा हात माझ्या घोट्यावरून सुटत नव्हता. मला वाटलं, माझ्या डोळ्याची एवढी धास्ती घेतली आहे यानं. ही माया इतकी वर्षं कुठं ठेवली होती, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. खूष होऊन झोपले.

१० मार्च

तुरातला म्हटलं, जरा इथं खाली, टॅबशेजारी जमिनीवर उताणं पडा. म्हणजे तुमचं तोंड तरी दिसेल मला. तुमचे मोजे बघून कंटाळले.

पाठ दुखते, म्हणाला. त्याची पाठ कधीच दुखत नाही.

आजचा पाठ कानातल्या वायरींचा. एक कान एर्मेकला आणि एक घराला द्यायचा, असं त्यानं सांगितलं आहे. "दोन्ही कान मला दिलेस तर जुमाकाकू काय खाते ते तुला कळणार नाही." मी तसंच केलं. एका कानात तो बोलत होता, दुसऱ्या कानात घर. घर एवढं गप्प होतं की मला दोन्हीकडून तोच ऐकू येत होता.

११ मार्च

आज पाहुणे. शहरात राहणाऱ्या आमच्या भावकीतल्या बायका, एकीमागून एक. किती तरी पाय आले. सगळ्यांचे मोजे गडद रंगाचे. भाजलेल्या भाकरी आणल्या, कढईत तळलेलं काहीतरी आणलं, त्या तेलाचा वास अजून खोलीत आहे. मी म्हटलं, कातरायला धरलेल्या मेंढीसारखी मी पडले आहे, लोकर काढायची तर काढून घ्या. कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि माझी कंबर मजबूत राहो म्हणाली. डोळ्याचं आजारपण, आणि आशीर्वाद कंबरेला?

आता मला कळलं आहे, काय ते. ऑपरेशन फसलं. डॉक्टरीणबाईंनी यांना सांगितलं आहे आणि हे माझ्यापासून लपवत आहेत. म्हणून तुरातची ती माया, म्हणून मेलिसला बुटांचं भान नाही, म्हणून जुमागुल माझ्याशी बोलताना मोठमोठ्यानं हसते आणि मग नळ सोडते. आमच्याकडे वाईट बातमी अशीच जपून ठेवतात, माणसं गोळा होईपर्यंत.

फार वेळ विचार केला. डोळा गेला तर गेला. मला टाइप करता येतं, आतली रशियन बाई वाचून दाखवील. आणि एर्मेक आहे. मी दिसत नाही म्हटलं की तो सांगेल काय दिसतं ते, लहानपणी मी त्याला घाटातून जाताना सांगायची तसं. एवढं मनाशी ठरवल्यावर बरं वाटलं.

१२ मार्च

तपासणीला नेलं, गाडीच्या मागच्या सीटवर पालथी घालून. बाई म्हणाल्या, पडदा नीट बसला आहे, फार छान चिकटला आहे. मी दोनदा विचारलं, खरं सांगा. त्या म्हणाल्या, मी तुमच्याशी खोटं का बोलू?

तुरात तिथून उठून बाहेर गेला. त्याचे पाय दारापाशी अडखळले. आनंद सहन होत नाही काही माणसांना.

मग आता हे घर असं का आहे?

संध्याकाळी तो म्हणाला, गावी जाऊन येतो, मेंढ्या व्यायला लागल्या आहेत, आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, एकटीला जमणार नाही. बरोबर मेलिसही निघाला. मेलिस, ज्याला मेंढीचं कोकरू कुठून बाहेर येतं तेही नीट माहीत नाही. मी तसं म्हटलं. जुमागुल म्हणाली, "शिकेल ताई. कधी तरी शिकायलाच हवं." आणि नळ सोडला.

निघताना तुरातनं माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला ओठ टेकवले. मी मान वर करणार होते. त्यानं दोन्ही हातांनी माझं डोकं धरून ठेवलं, खालीच. "ठेव," म्हणाला. "माझ्यासाठी ठेव."

१४ मार्च

फोटो आले! झोपून उठले तर टॅबवर एर्मेकचे फोटोच फोटो. नेट आलं असणार, आणि त्याचा फोनही जंगलाबाहेर आला असणार. बांधकामाच्या परांचीवर बसलेलं मांजर. लाल सूप. बादल्यांतून मांडलेली पिवळी फुलं, बायकांच्या दिवसासाठी विकायला आणलेली, म्हणजे त्याला आठवण होती. नुसता त्याचा अंगठा, चुकून काढलेला. आणि शेवटी खूप उंचावरून दिसणारं शहर, छपरांवर बर्फ.

मी हाका मारल्या. जुमागुल चहा घेऊन धावत आली. मी म्हटलं, बघ, बघ, आला तो जंगलातून. तिनं विचारलं, हे कसं काय आलं? मी तिला फोटोंचा पाठ समजावून सांगितला. ऐकताना तिच्या हातातली वाटी कलली आणि गरम चहा तिच्या पायावर सांडला. सशाचं एक तोंड भिजलं. तिनं पाय हलवला नाही. भाजलं ना गं, म्हटलं. ती म्हणाली, नाही, गार होता.

गार नव्हता. वाफ दिसत होती मला.

नंतर तिनं एर्मेकला फोन लावून पाहिला का, विचारलं. लागेल ताई, आता लागेल, म्हणाली. आज मी अंगठ्याचा फोटो मोठा करून बघत होते. नखात सिमेंट अडकलं आहे. नवरोझला आला की आधी हात बुडवून ठेवायला लावीन कोमट पाण्यात.

१५ मार्च

आणखी एक फोटो आला.

आमचं अंगण. सफरचंदाच्या झाडाशेजारी लोकरीचा गोल तंबू उभा आहे. मार्चमध्ये अंगणात तंबू एकाच कारणासाठी उभारतात.

मी पेनानं मोठं करून पाहिलं. आई तंबूच्या दारात आहेत, काळ्या रुमालात. मेलिस काठीवर वाकून उभा आहे, भावकीतले पुरुष त्याच्या रांगेत. पुढे बर्फावर फोटो काढणाऱ्याची सावली पडली आहे, उंच टोपीची. ती सावली मी कुठंही ओळखीन, ती तुरातची.

सगळे आहेत. मग घरातलं कोण उरलं?

१६ मार्च

काल पुढे लिहिता आलं नाही.

जुमागुल स्वयंपाकघरात दार लावून बसली होती. तिकडून बारीक आवाज येत होता, फोनमधून येतो तसा. बायकांच्या विलापाचा. आमच्याकडे मेलेल्याची आई तंबूत भिंतीकडे तोंड करून बसते आणि त्याचे गुण गात रडते. माझ्या जागी आई बसल्या असतील. त्यांचाच आवाज होता, चिरका, मधेच तुटणारा. हे ऐकायलाच जुमागुलनं नेट सुरू केलं असणार. तार तुटलीच नव्हती.

मी हाक मारणार होते. तोंड उघडलं होतं. मग त्या सावलीकडे पाहिलं. त्यांनी माझ्या पोराला माझ्यावाचून पुरलं. तुरात माझ्या पायांशी बसून तेल लावत होता, तेव्हा त्याला माहीत होतं. एवढं सगळ्यांनी गिळलं ते या एका डोळ्यासाठी. मी मान वर करून ओरडले असते तर त्यांनी उगाचच गिळलं असतं.

म्हणून ओरडले नाही. उशीच्या कड्याला दातांनी धरलं. फोमचा तुकडा तोंडात आला.

आज जुमागुलनं भाताचं आंबील भरवलं. आम्ही हवेबद्दल बोललो. तिनं विचारलं, ताई, नवीन फोटो आले का? मी नाही म्हटलं. तिचा श्वास सुटला. ती आपल्यापरीनं हसत होती आणि मी माझ्यापरीनं. तिच्या भाजलेल्या पायाला पट्टी आहे. ती लावायला मी सांगायला हवं होतं.

काल आणखीही फोटो आले आहेत. मी उघडले नाहीत.

१७ मार्च

तुरातनं फोटो का काढले, हे आज सुचलं. त्याच्या स्वतःच्या फोनला बटणं आहेत, त्यात फोटो नीट येत नाहीत. एर्मेकचा फोन त्याच्या सामानाबरोबर आला असेल. त्यानं तो चार्ज केला असेल आणि सालकिनसाठी, म्हणजे माझ्यासाठी, ठेवू या, डोळा बरा झाला की बघेल, असा विचार केला असेल. फोनमधलं सगळं तिकडून इकडे उडत येतं, हे त्याला कोण सांगणार. तो पाठ माझ्यासाठी होता.

मला रागावता येत नाही त्याच्यावर. त्याच्यावरच नाही, कुणावरच नाही. खरं तर रागावायला कुणीतरी हवं होतं.

१८ मार्च

आज मला सांगितलं.

पहाटेच कळलं. अंगणात गाड्या थांबल्या, दारात बूट काढल्याचे आवाज, एकामागून एक, कुणी बोलत नव्हतं. मग खोलीत पाय भरले. गावाहून थोरले चुलतसासरे काल्मुर्झा काका आले होते, त्यांच्या मऊ चामडी बुटांवरून ओळखलं. बायका माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या, मी उठले तर धरायला.

काकांनी सुरुवात केली, करतात तशी, दुरून. पोसलेला ससाणा, जो एके दिवशी मुठीवर परतत नाही. मी ऐकून घेतलं. मला माहीत आहे, असं मी मधेच म्हणू शकले असते. पण एर्मेकचं मरण त्याच्या आईला एकदाच सांगितलं जाणार होतं, भावकीसमोर, जाणत्या माणसाच्या तोंडून, नीट शब्दांत. ते त्याचं होतं. मी ते कापून टाकलं नाही. काका शेवटी त्याचं नाव घेऊन थांबले आणि त्यांनी सांगितलं की सात तारखेला, कामावर, उंचावरून.

बायकांनी एकदम विलाप सुरू केला. कुणीतरी माझे खांदे दाबले, "डोळा, डोळा" म्हणत. मी म्हटलं, "आता डोळा कशाला जपू?"

मग टॅब कुणीतरी बाजूला सरकवला आणि तिथं, फरशीवर, तुरात उताणा पडला. अगदी माझ्या तोंडाखाली. पंधरा-सोळा दिवसांनी त्याचं तोंड दिसलं मला. दाढी वाढली आहे आणि ती पांढरी आहे. त्याची दाढी पांढरी आहे हे मला माहीतच नव्हतं, तो रोज करायचा.

"मला सांगता येत नाही, सालकिन," तो म्हणाला. "तुला माहीत आहे. कधीच आलं नाही. म्हणून फोटो काढून ठेवलेत. ते बघायला जप."

मी रडले. आवाज न करता, मान न हलवता, जेवढं तसं रडता येतं तेवढं. पाणी सरळ खाली पडत होतं, त्याच्या तोंडावर. त्यानं ते पुसलं नाही.

१९ मार्च

बाई घरी येऊन डोळा बघून गेल्या. पडदा जागेवर आहे. बुडबुडा जाईपर्यंत घाट नाही, म्हणजे नाहीच. मेलिसनं विचारलं, चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तरी? त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि बघू म्हणाल्या.

फोटो माझ्याकडे आधीच आले होते, हे मी फक्त तुरातला सांगितलं. त्यानं हातातली चहाची वाटी खाली ठेवली. मग विचारलं, "तेव्हा तू एकटी होतीस?" जुमा होती, म्हटलं. ती स्वयंपाकघरात होती, हे सांगितलं नाही.

२२ मार्च

नवरोझ काल होऊन गेला. शेजाऱ्यांनी रात्रभर ढवळलेल्या गव्हाच्या लापशीची वाटी आणून दिली. आमच्या घरात कुणी ढवळली नाही.

तुरात रोज संध्याकाळी टॅबशेजारी जमिनीवर पडतो आणि मला एक फोटो दाखवतो. एकच. मी डाव्या डोळ्यानं बघते, आणि जे दिसत नाही ते तो सांगतो. हा कोण, तो कुठून आला, हा घोडा कुणाचा, कुणी कोणती मेंढी आणली. ज्याला सांगता येत नव्हतं तो सांगतो आहे. चुकतो, थांबतो, पुन्हा मागून सुरू करतो. कबर कुठे खणली ते परवा सांगितलं. टेकडीच्या उतरणीला, जिथून आमचं छप्पर दिसतं. माती गोठली होती, वर टायर जाळून ती मऊ करावी लागली.

उजव्या डोळ्यात बुडबुड्याची कड आता दिसायला लागली आहे. पाण्याची पातळी असते तशी एक रेघ, डोकं हललं की डुगडुगते.

आजच्या फोटोत एर्मेक नव्हता. कुठल्याच फोटोत नाही, पेटी आहे आणि गालिचा आहे. मी विचारलं, तोंड पाहिलंत का त्याचं?

"पाहिलं."

"आणि हात?"

तो छताकडे बघत होता. म्हणजे माझ्याकडेच, पण माझ्यातून पलीकडे.

"मुलाला शेवटचं धुवायला बाप बसत नाही," तो म्हणाला. "मला बसू देत नव्हते. पण नखांत सिमेंट होतं त्याच्या. सगळ्या नखांत. तसाच कसा पाठवायचा? मी म्हटलं, एवढं मी करतो. कोमट पाणी मागवलं, हात बुडवून ठेवले. मग काडीनं काढलं."

"निघालं सगळं?"

"एका अंगठ्यातलं राहिलं. आत गेलं होतं. ओढलं असतं तर लागलं असतं त्याला."